पातेऱ्यातले अडीच मिलिमीटर: कोकणातला रोव्ह बीटल शोधावा कसा, टिकवावा कसा

चाळलेला ओंजळभर पातेरा, म्हणजे झाडाखालचा कुजका पाला, पांढऱ्या ताटात पसरावा आणि दोन मिनिटे हात न लावता बघत राहावे. आधी स्प्रिंगटेल उड्या मारतात, मग मुंग्या बाहेर पडतात, मग लाल माइट. त्यानंतर एक बारीक काळी रेघ हलते. ती मुंगीपेक्षा सरळ धावते आणि डिवचली की मागचा भाग विंचवासारखा वर उचलते. भिंगाखाली घेतली तर पाठीवर भुंगेऱ्याचे कडक झाकणपंख दिसतात, पण ते आखूड बंडीसारखे अर्ध्यावर संपलेले असतात. त्यांच्यामागे पोटाची पाच-सहा वळी उघडी. हा रोव्ह बीटल. पोटाच्या टोकाला चिमटा असेल तर तो इअरविग, वेगळ्याच गणातला. तो सोडून द्यावा.

रोव्ह बीटलांचे कुळ म्हणजे स्टॅफिलिनिडी. जगात वर्णन झालेल्या प्रजाती 60 हजारांच्या वर, म्हणजे भुंगेऱ्यांतले सर्वांत मोठे कुळ. भारतातल्या प्रजातींसाठी आजही पहिला आधार माल्कम कॅमेरॉन या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरने 1930 ते 1939 या काळात ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत लिहिलेल्या खंडांचाच. त्यातली वर्णने मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर आहेत, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या भुंगेऱ्यांत बाहेरून सारख्या दिसणाऱ्या प्रजाती ढिगाने असतात. म्हणून या कामात नाव सर्वांत शेवटी येते. ते कदाचित दहा वर्षांनी दुसराच कोणी देईल. त्याला ते देता यावे यासाठी आज तीन गोष्टी हाताशी ठेवायच्या: नर (प्रजात बहुधा त्याच्या जननेंद्रियाच्या आकारावरून ठरते), पुरेसे नमुने आणि चोख लेबल. खालचे सगळे त्यासाठीच.

केव्हा आणि कुठे

जुलै-ऑगस्टमध्ये पातेऱ्यात जीव भरपूर असतात, पण तो चाळता येत नाही. ओली पाने जाळीला चिकटतात, माती गोळा होते आणि भुंगेरे त्या गोळ्यात अडकून मरतात. चाळण्याचे दिवस दोन. पहिला मृगाच्या सरी पडून गेल्यावरचा आठवडा-दहा दिवसांचा, पाने वरून ओलसर आणि आतून भुसभुशीत असतानाचा. दुसरा पाऊस ओसरल्यावरचा, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. दुसरा अधिक भरवशाचा. डिसेंबरनंतर वरचा थर करकरीत वाळतो आणि भुंगेरे खोल जातात. तेव्हा ओहोळाकाठ, पोफळीची शिंपणाची बाग आणि गायरीचा, म्हणजे शेणखताचा, ढीग एवढ्याच जागा उरतात.

सर्वांत श्रीमंत जागा देवरहाटी, देवाच्या नावाने राखलेले रान. तिथला पातेरा कोणी कवळासाठी किंवा भाजावळीसाठी उचलून नेत नाही, त्यामुळे वर कोरडे पान, मधे कुजते पान आणि खाली काळी माती असे थर शाबूत असतात. चाळायचा तो मधला आणि खालचा थर. वरची कोरडी पाने हाताने बाजूला करून ठेवावीत आणि काम झाल्यावर परत पसरावीत. झाडांच्या पाळमुळांमधले खळगे, पडलेल्या ओंडक्याची सावलीतली बाजू आणि उताराच्या पायथ्याशी वाहून आलेला पाला इथे सपाटीपेक्षा जास्त मिळते. कातळसड्यावर पातेरा फारसा नसतो. तिथे झुडपांच्या बुडख्याशी आणि भेगांत साचलेला मूठभर पालाच बघावा.

अळंबी दिसली तर ती उपटण्याआधी खाली पांढरे कापड धरून टोपीवर टिचकी मारावी. अळंबीवरचे रोव्ह बीटल चाहूल लागताच पाकळ्यांतून खाली पडतात. शेणाचा पो दोन-तीन दिवसांचा असावा, वरून पापुद्रा धरलेला आणि आत ओला. तो बादलीभर पाण्यात हळूहळू सोडला की भुंगेरे तरंगून वर येतात.

देवरहाटीत जाण्याआधी गावकऱ्यांना, मानकऱ्यांना विचारावे आणि काय नेणार ते दाखवावे; चाळण आणि कापडी पिशवी बघितली की बहुतेकांचा गैरसमज दूर होतो. फणसाड, कर्नाळा यांसारख्या अभयारण्यांत आणि कांदळवनात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही किडा उचलू नये. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिलाही कळवावे. नमुने पुढे परदेशातल्या तज्ज्ञाकडे पाठवायची वेळ आली तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पाळावी लागते. त्या वेळी सुरुवातीची परवानगी कागदावर नसेल तर सगळी मेहनत तिथे अडते.

हात कुठे घालायचा नाही

पातेऱ्यात उघडा हात घालू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसे याच पाल्यात बसते आणि त्याचा रंग पाल्याचाच असतो. आधी काठीने थर उलटावा, मग खुरप्याने भरावा. पायात गमबूट, हातात जाड मोजे. पावसात चिखलाच्या पाण्यात उभे राहायचे असेल तर पायाला जखम नाही ना हे बघावे. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाची) भीती खरी आहे.

दुसरा धोका खुद्द रोव्ह बीटलांतलाच. भातखाचरात आणि रात्री दिव्याखाली सात ते दहा मिलिमीटरचा, नारिंगी अंगाचा, काळ्या डोक्याचा आणि निळसर-हिरव्या झाकणपंखांचा पेडेरस येतो. तो चावत नाही की डंख मारत नाही. अंगावर चिरडला गेला तर मात्र त्याच्या रक्तातले पेडेरिन कातडीला लागते आणि एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखा लांबट पट्टा उठतो. हे विष तो स्वतः बनवत नाही, त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू बनवतात. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवावा. चिरडला गेलाच तर साबण-पाण्याने लगेच धुवावे आणि तो हात डोळ्याला लावू नये.

चाळण आणि पिशवी

दोन्ही वस्तू गावातल्या शिंप्याकडून शिवून होतात. चाळणीसाठी जाड तारेची 30 सेंटिमीटर व्यासाची दोन कडी घ्यावीत, प्रत्येकीला मूठ. खालच्या कडीला 8 ते 10 मिलिमीटर चौकटीची जाळी ताणून बांधावी. दोन कड्यांत 30 सेंटिमीटर अंतर राहील असा मांजरपाटाचा नळा शिवावा आणि तो खालच्या कडीच्या पुढे आणखी 60 सेंटिमीटर पिशवीसारखा लांबवून टोकाला नाडी घालावी. शिवण आतून दुमडून दुहेरी घ्यायला सांगावे. एकेरी शिवणीच्या कडेला सुटणाऱ्या धाग्यांत दोन मिलिमीटरचा भुंगेरा हमखास अडकतो.

दोन-तीन ओंजळी पातेरा वर घालून 50-60 झटके द्यावेत. झटका आडवा हवा, गोल फिरवून उपयोग नाही. जाळीवर उरलेले टाकण्याआधी एकदा बघावे, मोठे भुंगेरे आणि काड्यांना धरून बसलेले तिथेच राहतात. एक चौरस मीटर जागेतला पातेरा चाळून साधारण एक ते दोन लिटर बारीक चाळ निघाली की तो एक नमुना. दुसऱ्या झाडाखालचा पातेरा त्याच पिशवीत मिसळू नये.

ही चाळ कापडी पिशवीतच न्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन तासांत आत घाम धरतो, गाडी उन्हात उभी असेल तर सगळे शिजते, आणि मेलेला भुंगेरा चाळेतून स्वतः बाहेर येत नाही. पुढचे सगळे काम त्याच्या स्वतःच्या पायांवर अवलंबून आहे.

चाळेतून भुंगेरे बाहेर काढणे

विंक्लर पिशवीचे तत्त्व साधे. चाळ जाळीच्या चपट्या पिशवीत भरून कापडी पिशवीच्या आत टांगायची. ती कडेने वाळत जाते, जीव ओलावा शोधत इकडेतिकडे फिरतात, जाळीतून बाहेर पडतात आणि घसरत खालच्या बरणीत येतात. बाहेरची पिशवी मांजरपाटाची, वर 30 × 30 सेंटिमीटरची तारेची चौकट, खाली निमुळती होत बरणीच्या तोंडाला बांधलेली. आतली जाळी 4 मिलिमीटरची. ती भरताना खाली मोठे ताट धरावे आणि ताटात गळलेली चाळ पुन्हा वरून ओतावी. पिशवी टांगल्यावर तिला धक्का लागू नये, वारा लागू नये. हलली की माती बरणीत पडते आणि पुढे निवडायला दुप्पट वेळ जातो.

कोरड्या प्रदेशात दोन दिवस पुरतात. कोकणात ऑक्टोबरात तीन ते पाच दिवस धरावेत. पावसाळी हवेत चाळ वाळतच नाही, बुरशी धरते आणि बरणी रिकामी राहते. त्या दिवसांत बर्लेस नरसाळे वापरावे: 30 सेंटिमीटर तोंडाचे नरसाळे, आत 3-4 मिलिमीटरची जाळी, तिच्यावर चाळेचा 8 सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेला थर आणि वर 25 ते 40 वॉटचा दिवा. दिवा जुना तारेचा पिवळाच हवा. एलईडी उजेड देतो, वाळवण्याइतकी ऊब देत नाही; पाच दिवस लावूनही थर ओलाच राहतो. पहिल्या दिवशी दिवा फूटभर वर ठेवावा, दुसऱ्या दिवसापासून थोडाथोडा खाली आणावा. सुरुवातीलाच जवळ लावला तर वरचा थर तापतो आणि त्यातले बारीक भुंगेरे खाली उतरण्याआधीच मरतात. दिव्याजवळ कापड किंवा कागद राहू देऊ नये. चाळ घातल्यावर आधी नरसाळ्याखाली रिकामी वाटी ठेवून सुटी माती पडू द्यावी, ती परत वर घालावी, आणि मगच मद्यार्काची बरणी लावावी.

जमिनीत पेला पुरून केलेला सापळा इथे दुय्यम. पेल्याची कड मातीच्या किंचित खाली, वर तीन-चार सेंटिमीटरवर छप्पर, आत प्रोपिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे, वर भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब. धावणारे मोठे रोव्ह बीटल त्यात येतात, पातेऱ्यातले चिमुकले क्वचितच. जोराच्या एका सरीने पेला भरून वाहतो, म्हणून पाऊस संपल्याशिवाय लावू नये.

ताटातून जिवंत भुंगेरे उचलायचे तर मद्यार्कात बुडवलेल्या 000 नंबरच्या ब्रशाचे टोक टेकवावे, भुंगेरा चिकटून येतो. तोंडाने ओढायची नळी शेणावर, कुजक्या मासळीवर किंवा अळंबीवर वापरू नये. जंतू आणि बीजाणू कापडातून पार जातात. शिवाय अनेक रोव्ह बीटल घाबरले की पोटातून क्विनोनसारखी झोंबणारी रसायने सोडतात. एका नळीत पंचवीस ओढले की घसा धरतो.

मद्यार्क आणि लेबल

नुसत्या रूपाच्या अभ्यासाला 70 ते 80 टक्के इथेनॉल चांगले, डीएनएसाठी 95 टक्क्यांच्या वर आणि फ्रीजमध्ये. इथेनॉल परवान्याशिवाय मिळत नाही, पण महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातून मिळू शकते. नाहीच जमले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल: 99 टक्क्यांचे 710 मिलिलिटर घेऊन पाण्याने एक लिटर करावे. सॅनिटायझरची जेल नको, ती भुंगेऱ्याच्या केसांवर थर धरते. बरणीतला मद्यार्क पहिल्या दिवशीच एकदा बदलावा, कारण चाळेसोबत आलेले ओले जीव तो पातळ करतात.

लेबल बाटलीच्या आत. बाहेर चिकटवलेले पहिल्या पावसाळ्यातच सुटते. जाड कागदावर पेन्सिलीने लिहावे. बॉलपेनची शाई मद्यार्कात विरघळते आणि इंकजेटची छपाईही. मजकुराचा क्रम असा ठेवावा: भारत, महाराष्ट्र, जिल्हा, तालुका, गाव, जागा; अक्षांश-रेखांश दशांशात चार स्थळांपर्यंत; समुद्रसपाटीपासून उंची; तारीख, महिना रोमन आकड्यात; कुठला पातेरा, किती खोल, कोणत्या झाडाखाली; चाळून की दिव्यावर; गोळा करणाऱ्याचे नाव. नुसते ‘रत्नागिरी, जंगल, ऑक्टोबर’ लिहिलेला भुंगेरा कितीही दुर्मिळ असला तरी त्याचे पुढे काही करता येत नाही.

एका जागेतून एका दिसणाऱ्या प्रकाराचे दहा-पंधरा नमुने पुरेत. एकच घेतला आणि ती मादी निघाली तर बहुधा प्रजात ठरत नाही. पन्नास घेण्याचेही कारण नाही.

उपकुळापर्यंत पोचणे

यासाठी किमान 40 पट दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागतो. पहिली नजर मिशा कुठून उगवतात यावर टाकावी. दोन डोळ्यांच्या मधोमध, डोळ्यांच्या पुढच्या कडेच्या मागून उगवत असतील आणि भुंगेरा बारीक असेल तर तो बहुधा अ‍ॅलिओकॅरिनी, कोकणातल्या चाळेत सर्वांत जास्त येणारा आणि सर्वांत अवघड. डोळे डोके व्यापून टाकणारे, बटबटीत, आणि अंग सडपातळ, तर स्टेनस. तो खालचा ओठ बाणासारखा पुढे फेकून स्प्रिंगटेल पकडतो. मिशा डोक्याच्या पुढच्या कडेवरून आणि अंग लांब, तर स्टॅफिलिनिनी. अंग आखूड, मिशांची टोके गदेसारखी जाड, पाठीवर सुईने टोचल्यासारखे खोल खळगे आणि चाल मुंगीसारखी, तर सेलॅफिनी. हा दीड-दोन मिलिमीटरचा असतो आणि नवशिका मुंगी समजून फेकून देतो. चाळेतली शेवटची मूठ भिंगाखाली तपासायची ती याच्यासाठी.

मोबाईलला मॅक्रो भिंग लावून जिवंतपणीचा फोटो जरूर घ्यावा, कारण मद्यार्कात लालसर-पिवळे रंग फिके पडतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला तर जागेची नोंद होते, पण या आकाराच्या भुंगेऱ्यात फोटोवरून उपकुळाच्या पुढे क्वचितच जाता येते. फोटोखाली कोणी प्रजातीचे नाव सुचवले म्हणून लेबलवर लिहू नये.

लांबी मोजताना एक चूक सर्रास होते. मद्यार्कात पोटाची वळी ताणली जातात, वाळल्यावर एकमेकांत सरकतात. त्यामुळे एकाच प्रजातीचा एक भुंगेरा 3.1 आणि दुसरा 2.4 मिलिमीटर भरतो. म्हणून एकूण लांबीसोबत डोक्याच्या पुढच्या कडेपासून झाकणपंखांच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी वेगळी द्यावी. तो भाग आक्रसत नाही.

चिकटवणे आणि नराची तपासणी

हे काम पौष-माघापर्यंत थांबवावे. पावसाळ्यात चिकटवलेला भुंगेरा आठवड्यात बुरशीने पांढरा होतो. मद्यार्कात तो सुरक्षित असतो, घाई नाही.

दहा मिलिमीटरखालच्या रोव्ह बीटलला टाचणी कधीच टोचायची नाही. 5 × 14 मिलिमीटरच्या पांढऱ्या कार्डावर पोटाखाली डिंकाचा अगदी लहान थेंब लावून बसवावा. डिंक खाण्याचा, पाण्यात मधासारखा विरघळवलेला, त्यात थायमॉलचा एक खडा. आयुर्वेदिक दुकानात तो ओव्याचे फूल म्हणून मिळतो आणि डिंकाला बुरशी येऊ देत नाही. सुपरग्लू लावला तर भुंगेरा पुन्हा मोकळा करता येत नाही.

नर ओळखायला पोटाची शेवटची वळी खालून बघावीत. पुष्कळ जातींत नराच्या आठव्या वळ्याच्या खालच्या पट्टीला मधे खाच असते. भुंगेरा मद्यार्कातून काढून ओल्या टिश्यूवर उताणा ठेवावा. सुका असेल तर आधी कोमट पाण्यात साबणाच्या थेंबासह अर्धा तास. डाव्या हातातल्या ब्रशाने छाती हलकेच दाबून धरावी. उजव्या हातात टोकाला आकड्यासारखी वाकवलेली मिन्यूटन, म्हणजे अतिबारीक बिनडोक्याची, टाचणी. ती पोटाच्या टोकातून, वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मधून आत सारायची, अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, आणि आकडा फिरवून मागे ओढायची. सुटताना किंचित अडते आणि मग मधाच्या रंगाचा एक ठिपका बाहेर येतो. तेच नराचे जननेंद्रिय, एडिअ‍ॅगस. ओढण्याऐवजी हिसका दिला तर त्याच्या कडेच्या नाजूक पट्ट्या आत राहतात आणि नेमक्या त्याच लागतात.

हा ठिपका 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, म्हणजे 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम, साध्या तापमानाला चार तासांपासून रात्रभरापर्यंत ठेवावा. डोळ्यांना चष्मा हवा, हे द्रव कातडी भाजते. तासा-दोन तासांनी बघत राहावे. जास्त वेळ राहिला तर आतली पिशवी इतकी पारदर्शक होते की रेषा दिसत नाहीत. मग पाण्यात ॲसेटिक अ‍ॅसिडचा थेंब टाकून धुवावा आणि ग्लिसरीनमध्ये 100 ते 400 पटीत बघावा. पोटात हे इंद्रिय कुशीवर पडलेले असते, त्यामुळे वरची बाजू कोणती याचा घोटाळा होतो. चित्र वरून आणि बाजूने असे दोन्ही काढावे. नंतर ग्लिसरीनच्या सूक्ष्म कुपीत घालून त्याच भुंगेऱ्याच्या कार्डाला टोचलेल्या टाचणीला लावावे. कुपी वेगळ्या डबीत ठेवली की कोणाचे काय ते पुढे कळत नाही. अ‍ॅलिओकॅरिनीत मादीची शुक्रकोशिकाही (शुक्राणू साठवणारी पिशवी) तशीच काढावी. तिच्या नळीची वळणे ओळखीला उपयोगी पडतात.

पेटी हवाबंद, आत नारिंगी सिलिका जेल. डांबराच्या गोळ्या बुरशी थांबवत नाहीत. नवी पेटी जुन्यांत ठेवण्याआधी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये सात दिवस ठेवावी आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर सगळ्या कार्डांवर दव बसते.

पुळणीवरचे

उधाणाच्या रेषेवर कुजणारे समुद्री शेवाळ आणि झावळ्या उचलून बादलीभर समुद्राच्या पाण्यात बुडवल्या की कॅफियस हा किनाऱ्यावरचा रोव्ह बीटल तरंगतो. तो तिथे माश्यांच्या अळ्या खातो. याच वंशातल्या कॅफियस व्हेगन्सवर जपानी संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले की त्याचे डावे आणि उजवे पंख वेगवेगळ्या घड्या घालून त्या आखूड झाकणांखाली बसतात. ओल्या वाळूवर बारीक मातीची ढेकळे वर आलेली दिसली तर तिथे ब्लेडियस हा दुसरा रोव्ह बीटल बिळात असतो. बिळावर पाणी ओतले की वर येतो. ही रेषा एका भरतीत पुसली जाते, म्हणून लेबलवर भरतीची वेळही लिहावी. शेवाळ पुन्हा त्याच रेषेवर पसरून यावे.

जमले तर दोन-चार भुंगेरे जिवंत ठेवावेत. प्लॅस्टर ऑफ पॅरिस नऊ भाग आणि कोळशाची पूड एक भाग यांचा बोटभर थर डबीत ओतून, तो पाण्याने ओलसर ठेवून, वर स्प्रिंगटेल सोडावेत. मादीने अंडी घातली तर अळी मिळते, आणि कोकणातल्या बहुतेक बारीक रोव्ह बीटलांची अळी कुणी लिहून ठेवलेली नाही. अळी मद्यार्कात टाकण्याआधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावी, म्हणजे काळी पडत नाही.

नमुन्यांचा एक संच भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्रात जमा करावा. सोबत नोंदवहीच्या त्या पानांची प्रत द्यावी, आणि प्रत्येक बाटलीवरचा क्रमांक पानावरच्या क्रमांकाशी पुन्हा एकदा ताडून बघावा.